न झालेल्या देशाचे रहिवासी

८ मार्च १९४८ ही तारीख मी इतिहासातून काढून टाकली आणि तिच्यापुढं काय काय घडत गेलं असतं ते लिहायला बसलो. त्या दिवशी दक्षिणेतली मराठा संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. मी राहतो ते शहापूर त्याआधी सांगली संस्थानात होतं. शेजारचं बेळगाव ब्रिटिश मुलखातलं, आणि आमची गल्ली पटवर्धनांच्या राज्यातली. आज हे सांगितलं तर पोरं विश्वास ठेवत नाहीत, कारण मधे आता रस्ता आहे, दुकानं आहेत आणि दिवसभर न थांबणारी रहदारी आहे.

सीमाभागात जन्मलेल्या माणसाला 'असं झालं असतं तर' म्हटलं की १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तो दिवस, हीच तारीख सुचते. ती मी मुद्दाम बाजूला ठेवली. बेळगाव महाराष्ट्रात गेलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर आमच्या घरात तीन पिढ्यांना पाठ आहे. हुतात्मा चौकात कुणालाही थांबवून विचारा, तो सांगेल. ज्याचं उत्तर आधीच पाठ आहे त्यावर चारशे पानं लिहून वाचणाऱ्याला नवीन काय मिळणार? पानिपतापर्यंत मागं गेलो तर उलटी अडचण. तिथं एक लढाई फिरवली की पुढचं सगळंच बदलतं, आणि मग आपण मनाला येईल ते लिहू लागतो.

१९४८ मधे मात्र खरी जागा होती. विलीनीकरणाच्या आधी या संस्थानांनी आपलं संघराज्य उभं करण्याचा प्रयत्न केला होता, हे आपल्याकडंही फारसं कुणाला आठवत नाही. १९४६ मधे काही राजे पुण्यात गांधीजींना भेटले, पुढच्या वर्षी औंध, भोर, फलटण, सांगली, रामदुर्ग वगैरे संस्थानांनी एकत्र यायचा करार केला. मग ३० जानेवारी १९४८ आली. गांधीजींचा खून झाला, सांगली-कोल्हापूर-सातारा भागात ब्राह्मणांची घरं पेटली, आणि छोट्या संस्थानांच्या हातात काही राहिलं नाही.

मी स्वतःला एकच नियम घालून घेतला होता: बदल एकच करायचा. खून पुसायचा नाही, जाळपोळ पुसायची नाही. दुःखद गोष्टी खोडून उभा केलेला देश वाचणाऱ्याला पटत नाही आणि लिहिणाऱ्यालाही पटू नये. मग कुठली एक गोष्ट बदलली तर हे संघराज्य टिकलं असतं? मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघतो. माझ्या डोक्यात आधी तिजोरी आली. औंधची शेती कोरडवाहू, भोर डोंगरातलं, रामदुर्ग लहान. यांच्या जमाबंदीवर शाळा, दवाखाने आणि पोलीस एकाच वेळी चालणार नाहीत. या सगळ्यांत भक्कम होतं कोल्हापूर. पंचगंगेकाठचा ऊस, गूळ, राधानगरीचं धरण, १८९१ पासूनची मिरजेपर्यंतची स्वतःची रेल्वे. आणि कोल्हापूर त्या करारात नव्हतं. ते वेगळं राहिलं आणि पुढं १ मार्च १९४९ ला विलीन झालं. १९४७ मधे तिथं गादीवर आलेले शहाजी महाराज मूळचे देवासचे. माझ्या कथेत ते १९४७ च्या अखेरीस संघराज्यात यायला होकार देतात. बदल तेवढाच.

स्वतंत्र देश की भारतातलं राज्य, यावर मात्र मी फार काळ अडलो. सप्टेंबर १९४८ मधे हैदराबादेत फौजा गेल्या. निजामाचं जिथं चाललं नाही तिथं आमच्या संघराज्याचं काय चाललं असतं? वाट सापडली ती मूळ सामीलनाम्यात. त्यात संस्थानांनी दिल्लीला तीनच विषय दिले होते: संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण. माझं संघराज्य त्या तीन विषयांवर थांबतं. नाणं दिल्लीचं, फौज दिल्लीची. बाकी शेतसारा, शाळा, भाषा, मतदान सगळं स्वतःचं.

मग नकाशा. १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर आणि त्याच मालिकेतलं कोल्हापूर व दक्षिण मराठा जहागिरींचं, ही दोन्ही पुढ्यात ठेवली. जमिनीवर चादर अंथरावी तसा मोठा ट्रेसिंग पेपर पसरला आणि रंगीत पेन्सिलींनी एकेक तुकडा उतरवायला घेतला. सांगलीचे सहा तालुके: मिरज प्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी. मंगळवेढे पंढरपूरजवळ, शिरहट्टी पार गदगच्या पलीकडं. माझ्या कागदावर शिरहट्टी मावेचना, तिच्यासाठी वेगळा तुकडा कापून टाचणीनं लावला. मधे ब्रिटिश मुलूख, मधे दुसऱ्याच कुणाचं संस्थान. एका मिरज-बेळगाव गाडीनं किती हद्दी ओलांडल्या हे पेन्सिलीनं मोजताना पहिल्यांदा जाणवलं की अशा देशाला जकातनाका परवडणार नाही. नाके लावले तर शिरहट्टीचा कापूस सांगलीच्या बाजारात पोचेपर्यंत त्याची किंमतच उरणार नाही. म्हणजे माल मोकळा सोडायलाच हवा. आणि माल मोकळा सोडला की मागोमाग माणसं येतात.

या टप्प्यावर माझं लेखन बदललं. तोवर मी राजे, करार आणि परिषदा लिहीत होतो. आता शिरगणती लिहू लागलो.

१९५१ च्या जनगणनेचा एक काल्पनिक तक्ता केला: संघराज्यात राहणारं कोण कुठून आलं. आकडे मनचे होते, पण माणसं खरी होती. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं १९४० च्या सुमारास त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं, तिथून सुटून ती इराणमार्गे इथवर पोचली. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्यांनी वळिवड्यात उभं केलं. ती गेल्यावर त्याच जागी सिंधमधून आलेले लोक वसले. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या गांधीनगरात जातो ते त्यांचंच. १९४८ मधे रझाकारांना भिऊन निजामाच्या हद्दीतून हजारो लोक शेजारच्या जिल्ह्यांत आले. पोर्तुगीज राजवटीतून गोव्याची माणसं येत होती. आणि १ नोव्हेंबर १९५६ माझ्या कथेतही येते: बेळगाव म्हैसूर राज्यात जातं, शहापूर संघराज्यात राहतं. मग बेळगावातली मराठी घरं कुठं सरकतील? रूळ ओलांडून शहापुरात, वडगावच्या बाजूला, मिळेल त्या खोलीत.

एवढी माणसं आली की पहिला तंटा रहिवासी कोण ठरवायचा यावर होतो. भाषेचा तंटा त्याच्या मागून येतो. हे मला लिहिता लिहिताच उमगलं आणि मी त्याला घट्ट धरून राहिलो. पेशवाईतल्या गावात मिरासदार आणि उपरी असा भेद होता. मिरासदाराची जमीन पिढीजात, गावकीत त्याला मान; उपरी कौलावर जमीन कसणारा, त्याचा शब्द कुणी विचारात घेत नसे. माझ्या घटनासमितीत यावर सर्वांत मोठी चर्चा होते आणि शेवटी कलम येतं: पाच वर्षं ज्यानं एका गावात चूल मांडली तो त्या गावचा मतदार, त्याचा बाप कुठलाही असो. हे कलम लिहिताना मला फार बरं वाटलं. आपल्या भागात 'मूळचा कुठला' हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो की तो कुणाला टोचत असेल हे ध्यानातच येत नाही.

आता विचारांची भांडणं. ती कुठून आणावीत याची मला काळजी होती, कारण उसनी आणली तर लगेच कळतात. पण औंध संस्थान बघितलं आणि थक्क झालो. ७२ गावांचं राज्य. १९३९ मधे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपणहून सत्ता प्रजेच्या हाती दिली. घटनेच्या पाठीशी गांधीजी, राबायला मुलगा आप्पासाहेब पंत आणि वॉर्साहून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन. गावपंचायत हाच राज्याचा पाया. त्याच संस्थानातलं कुंडल हे १९४३ नंतर प्रतिसरकारचं ठाणं: क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. लाड, तुफान सेना. आणि त्या कुंडललगतच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मधे वसवलेली कारखान्याची वाडी. लक्ष्मणराव तर आमच्या बेळगावचे. १८८८ मधे त्यांनी सायकलचं दुकान इथंच काढलं होतं, आणि कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली म्हणून ते इथून उठले. औंधच्या राजांनी त्यांना माळरान दिलं आणि कर्जही दिलं.

म्हणजे पंचायतीतून राज्य चालावं म्हणणारे, कष्टकऱ्यांनी सत्ता हिसकावून घ्यावी म्हणणारे आणि कारखान्यातून सुबत्ता येते म्हणणारे, तिघंही एकाच चिमुकल्या संस्थानात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. मी कथेत त्यांना नावं दिली ती अशीच: औंधवाले, कुंडलवाले, वाडीवाले. पुढच्या सगळ्या निवडणुका या तिघांत.

त्यात वळिवड्याचे लोक घालून बघितले आणि प्रकरण पेटलं. माझ्या कथेत निम्मे पोलिश परत जातच नाहीत. पाच वर्षांच्या कलमानं मतदार होतात. कुंडलवाले १९५२ च्या निवडणुकीत सामुदायिक शेतीचा जाहीरनामा काढतात. नाना पाटील खऱ्या इतिहासातही पुढं कम्युनिस्ट पक्षात गेले, १९५७ मधे लोकसभेवर निवडून आले, त्यामुळं ही वाट ओढूनताणून आणलेली नाही. कुंडलच्या सभेत वळिवड्याची एक शिक्षिका उठते आणि तोडक्या मराठीत सांगते की सामुदायिक शेतावर तिची आई भुकेनं मेली. समोर बसलेले लोक कोण? सावकाराच्या वह्या जाळलेले, इंग्रजांच्या गोळ्या चुकवलेले. त्यांच्या लेखी लाल बावटा म्हणजे सुटका. तिच्या लेखी तोच बावटा म्हणजे आगगाडीचा बंद डबा. त्या सभेत कुणाला खोटं पाडायचं? मी ते प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिलं. शेवटी सभेत कुणीच जिंकत नाही. अध्यक्ष तिला खुर्ची देतात आणि जाहीरनाम्यातलं सक्तीचं कलम तेवढं मतदानाला टाकतात.

औंधवाल्यांवर माझा जीव होता हे लपवणार नाही. राजानं स्वतःहून मुकुट उतरवून ठेवावा आणि शेतकऱ्यांनी पारावर बसून अंदाजपत्रक मंजूर करावं, यापेक्षा देखणं काय असतं? तो मसुदा मी निपाणीच्या एका मावशींना वाचून दाखवला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विड्या वळल्या, पुढं बायकांची संघटना बांधली. डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "झ्याक हाय. पर त्या पारावर आमाला बसाय दिलं का? का खालीच हुबं केलं?"

त्यांना दुसरं काही बोलावं लागलं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याबद्दल काय म्हटलं होतं ते मला ठाऊक होतं. खेडं म्हणजे स्थानिक संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, या आशयाचं. पण माझ्या औंधच्या प्रकरणात ते कुठंच उतरलं नव्हतं. बाबासाहेबांनी १९२० मधे कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला परिषद घेतली, १९२५ मधे निपाणीला घेतली. हा सगळा मुलूख त्यांच्या पायाखालचा. मग संघराज्यात दलितांचा चौथा गट आला, आणि तो आला म्हणून वाडीवाल्यांची ताकद वाढली, कारण गाव सोडून वाडीला गेलेल्या माणसाला निदान नळ एकच होता, मशीनही एकच. पहिल्या सरकारला पंचायत कायदा मागं घ्यावा लागतो. राखीव जागा आणि खुला पाणवठा घालूनच तो दुसऱ्यांदा मांडला जातो. १९०२ मधे नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या शाहू महाराजांचं राज्य ज्या संघराज्यात आहे, तिथं याहून कमी लिहिणं मला शोभलं नसतं.

सर्वांत जड गेलं ते रामदुर्ग.

फौंड्रीत माझ्याबरोबर काम करणारा एक मित्र रामदुर्गचा. घरी कन्नड; माझ्याशी मराठी, मधेच कन्नड. त्याला मी नकाशा दाखवला. त्यानं बोट रामदुर्गवर ठेवलं आणि विचारलं, "नोडप्पा, आमची माणसं तुझ्या संघराज्यात का म्हणून राहतील?" राजघराणं भाव्यांचं, मराठी. प्रजा कन्नड. एप्रिल १९३९ मधे तिथं प्रजेचा उद्रेक झाला, माणसं मेली. ती आठवण त्याच्या आजोबांच्या पिढीत ताजी होती. माझ्याकडं उत्तर म्हणून रस्ते होते, कन्नड शाळा होत्या, मंत्रिमंडळात जागा होती. तो शांतपणे म्हणाला, "हे सगळं तुम्हालाबी इकडं देतो म्हणून सांगितलंय की. मग तुम्ही का ऐकत नाही?"

रात्री घरी येऊन ते पान काढलं. सीमाभागातल्या आपल्या मागणीचा पाया काय आहे? खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रासची हद्द ठरवताना पाटसकरांनी जे सूत्र लावलं, तेच आपण इतकी वर्षं मागतो आहोत. महाजन आयोगानं १९६७ मधे २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला सुचवली, बेळगाव ठेवलं म्हैसूरकडं. तो अहवाल आपण नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मी हे सगळं मनापासून मानतो. मोर्चात चाललो आहे, माझे वडील १९८६ च्या आंदोलनात होते. आणि म्हणूनच माझ्या संघराज्यात रामदुर्गच्या खेड्यांना तोच हक्क न देता मला पुढं लिहिता येईना.

त्या दिवसांत स्वित्झर्लंडमधल्या जुराचं प्रकरण वाचलं. जुरा हा फ्रेंच बोलणारा भाग, जर्मन बहुसंख्येच्या बर्न प्रांतात अडकलेला. तिथं १९७४ पासून टप्प्याटप्प्यानं मतदान घेतलं, कडेच्या गावांना आपापला वेगळा कौल द्यायची मुभा ठेवली, आणि १९७९ मधे जुरा वेगळा प्रांत झाला. काही भाग बर्नमधेच राहिला. मुतिए या गावानं पार २०२१ मधे जुराच्या बाजूनं मत दिलं. इतकी वर्षं प्रश्न उघडा राहिला, पण मतपेटीच्या रस्त्यावर राहिला.

मी तीच पद्धत उचलली. १९५७ मधे माझ्या संघराज्यात हद्दमत होतं, म्हणजे कुणीकडं राहायचं यावर गावांचं मतदान. मतपत्रिका दोन्ही भाषांत, मोजणी गावागणिक. रामदुर्गची बहुतेक गावं म्हैसूरकडं जातात. मागोमाग शिरहट्टीही जाते. टाचणी काढून तो तुकडा बाजूला ठेवताना हात जड झाला, हे खरं आहे. इतक्या मेहनतीनं जुळवलेला देश आपणच आपल्या हातानं लहान करायचा. पण त्या प्रकरणानंतर कथेतला राग खरा वाटू लागला आणि माणसंही. रामदुर्गच्या बाजूचं निवेदन मित्रानं स्वतः कन्नडमधे लिहिलं, मी त्याचं मराठी केलं. त्यातला एक शब्दही मी सौम्य केला नाही.

एका दिवाळी अंकासाठी यातला भाग दिला तेव्हा संपादकांनी विचारलं, रामदुर्गचं प्रकरण गाळता येईल का, सीमाभागातला वाचक दुखावेल. मी नाही म्हटलं. शहापूरचं प्रकरण छापा, नाहीतर दोन्ही राहू देत, पण रामदुर्ग गाळून शहापूर छापू नका. त्यांनी दोन्ही घेतली.

आता शहापूरचंच हद्दमत लिहायला घेतलं आहे. इथं मला कुठलीच बाजू आधी ठरवता येत नाही. १९५६ नंतर बेळगावातून सरकलेली मराठी घरं पाच वर्षांच्या कलमात अजून बसत नाहीत. मागावर बसणाऱ्यांपैकी कितीतरी घरांत कन्नड, बाजारात मराठी, आणि सुताचा व्यापारी तिसऱ्याच भाषेत हिशेब सांगणारा. गल्लीतल्या जुन्या विणकरांकडं संध्याकाळी जाऊन बसतो. यंत्रमागाच्या आवाजात ओरडून विचारावं लागतं. परवा एक आण्णा धोटा हातात घेऊन म्हणाले, "काय लिवूलास रे ते? सांगलीचं राज्य?" मी सगळं सांगितलं आणि विचारलं, तेव्हा मत कुणाला दिलं असतं? त्यांनी बीम किती उरलंय ते बघितलं, माग बंद केला आणि उलट मलाच विचारलं की सूत कुठल्या बाजूनं स्वस्त मिळालं असतं. ते मी अजून काढलेलं नाही. या आठवड्यात १९५७ चे सुताचे भाव शोधतो आहे. मिळाले की शहापूरची मोजणी करीन.